गंजाच्या बाजूने

तलवारी जमवणाऱ्या माणसाबद्दल महाराष्ट्रात दोनच मते ऐकू येतात. एका मताप्रमाणे तो हिंसेचा शौकीन; घरात धारदार लोखंड टांगून ठेवणाऱ्याच्या डोक्यात काहीतरी बिघाड असणारच. दुसऱ्या मताप्रमाणे तो पूर्वजांच्या पराक्रमाचा राखणदार. त्याला शाल, श्रीफळ आणि शिवजयंतीच्या व्यासपीठावर खुर्ची. या दोन मतांचे एकमेकांशी पटत नाही, पण तलवारीकडे नीट पाहिलेले दोघांनीही नसते. एकाला तिच्यात रक्त दिसते, दुसऱ्याला त्या रक्ताचा अभिमान. वस्तू म्हणून ती कुणालाच दिसत नाही.

माझे म्हणणे असे: तलवार ही आधी कुणीतरी घडवलेली, कुणीतरी विकलेली, कुणीतरी विकत घेतलेली आणि अनेकदा दुरुस्त केलेली वस्तू आहे. या सगळ्या व्यवहारांच्या खुणा तिच्या अंगावर राहतात. त्या टिकवणे आणि वाचणे हेच या छंदाचे खरे समर्थन. शौर्याच्या शोधात निघालेला संग्राहक नेमक्या याच खुणा पुसून टाकतो. जुन्या शस्त्रांचा शत्रू म्हणून आपण चोराकडे आणि परदेशी लिलावाकडे बोट दाखवतो. गल्लीतल्या पॉलिशवाल्याचे बफिंगचे चाक त्यातून सहीसलामत सुटते.

१. वीस किलोची तलवार आणि न मावणारी मूठ

शाळांच्या स्नेहसंमेलनात, दिवाळीतल्या किल्ला स्पर्धांच्या जोडीला किंवा शिवजयंतीच्या मंडपात शस्त्रप्रदर्शने भरतात. तिथला निवेदक एक वाक्य हमखास सांगतो: ही तलवार वीस किलोची, आजच्या माणसाला ती उचलणारही नाही. कधी वीसाचे चाळीस होतात. ऐकणारी मुले तोंडात बोट घालतात.

प्रत्यक्षात लढाईत वापरलेली एकहाती तलवार एक किलोच्या आसपास भरते. लांब सरळ पात्याची धोप फार तर दीड किलोपर्यंत जाते. याला पूर्वजांची दुर्बलता म्हणायचे कारण नाही. घोड्यावर बसून, दिवसभर, घामेजल्या हाताने चालवायचे हत्यार जड करणे म्हणजे ते निरुपयोगी करणे. पाते हलके ठेवून ताठ ठेवणे, धार टणक आणि पाठ लवचिक ठेवणे, तोल मुठीच्या जवळ आणणे यात लोहाराची आणि पाणी देणाऱ्याची अक्कल होती. वीस किलोची थाप त्या कारागिराला एका फटक्यात गप्प करते.

गंमत अशी की तोच निवेदक त्या तलवारीची मूठ धरायला जातो तेव्हा त्याची चार बोटे तिच्यात मावत नाहीत. म्हणजे पूर्वज वीस किलो पेलणारे राक्षस होते आणि त्यांचे हात मात्र लहान मुलांचे! हा विरोधाभास कुणाला खटकत नाही, कारण वस्तू पाहायचीच नाही असे आधीच ठरलेले असते. मूठ आखूड का, याचे साधे उत्तर आहे. परज म्हणजे मुठीपुढची आडवी पट्टी आणि मुठीच्या टोकाची रुंद तबकडी यांच्या मध्ये पंजा घट्ट बसावा आणि मनगट फार मोकळे फिरू नये, अशीच तिची रचना असते. मग वार मनगटाने न होता खांद्यातून आणि कोपरातून होतो, आणि वक्र पाते आदळण्याऐवजी ओढत कापत जाते. संपूर्ण युद्धकला त्या आखूड मुठीत बसवलेली आहे. जो संग्राहक ती हातात घेऊन, मापून, दहा मुठी एकमेकींशी ताडून पाहतो त्याला हे कळते.

२. पाते एकीकडचे, मूठ दुसरीकडची

भारतीय तलवारीचे पाते मुठीत बहुधा लाख-राळेच्या मिश्रणाने बसवलेले असते. मूठ तापवली की मिश्रण मऊ होते आणि पाते सुटते. या एका साध्या तंत्रामुळे जुन्या तलवारींचा सगळा इतिहास गुंतागुंतीचा झाला आहे. आजोबांचे पाते नातवाच्या मुठीत जाई. लुटीत मिळालेल्या पात्याला गावचा कारागीर नवी मूठ चढवी. मोडलेल्या पात्याची कट्यार होई. त्यामुळे 'ही तलवार अमक्या शतकातली' हे विधान अर्धवट असते. कोणता भाग, हे आधी विचारावे लागते.

त्यात भर परदेशी पात्यांची. सोळाव्या-सतराव्या शतकांत जर्मनी, इटली आणि स्पेनमधली पाती गोव्याच्या पोर्तुगीज वाटेने आणि पश्चिम किनाऱ्यावरच्या इतर बंदरांतून दख्खनेत येत. त्यांना फिरंग म्हणत. लांब, सरळ, ताठ. घोडेस्वाराला पल्ला देणारी. मराठ्यांना ती फार आवडत. पात्याच्या मुळाशी दोन्ही बाजूंनी पट्ट्या ठोकून, वर आपल्या पद्धतीची मूठ चढवून ती वापरली जात. काही पात्यांवर पासाउ आणि झोलिंगेनच्या कारागिरांचा धावता लांडगा कोरलेला असतो, काहींवर इटलीतल्या जिनोआशी जोडला जाणारा दातेरी विळ्यांचा ठसा. हे ठसे इतके प्रतिष्ठेचे होते की इथले लोहारही ते आपल्या पात्यांवर उमटवत. नामांकित मालाची नक्कल करण्याची कला आपल्याकडे अलीकडची नाही.

कोल्हापूरच्या चौथ्या शिवाजी महाराजांकडून 1875-76च्या दौऱ्यात प्रिन्स ऑफ वेल्सकडे गेलेली आणि आज ब्रिटिश राजघराण्याच्या संग्रहात असलेली जगदंबा तलवार घ्या. तिचे पाते युरोपी आहे. नागपूरच्या रघूजी भोसल्यांच्या नावाची जी तलवार महाराष्ट्र सरकारने 2025 साली लंडनच्या लिलावातून सुमारे 47 लाख रुपये खर्चून परत आणली, तिचेही पाते युरोपी आणि त्यावरची नागरी अक्षरे सोन्याची. ती आली तेव्हा जल्लोष झाला, आणि व्हायलाच हवा होता. पण त्या जल्लोषात सर्वांत रोचक गोष्ट हरवली: सेनासाहेबसुभा ही पदवी मिरवणारा अठराव्या शतकातला नागपूरचा सत्ताधीश समुद्रापलीकडचे पोलाद वापरत होता आणि त्यावर आपल्या लिपीत नाव घालून मिरवत होता. बंदर, दलाल, जकात, नाणे, पोलादावर सोने चढवणारा कोफ्तगार असा सारा व्यापार त्या एका वस्तूत उभा आहे. 'मराठी शौर्याचे प्रतीक' या तीन शब्दांत त्यातले काहीच येत नाही.

३. चकाकीची किंमत

आता मुख्य तक्रारीकडे. आपल्या घरांत तलवार देवघराजवळ असते, खंडेनवमीला तिची पूजा होते. पूजेआधी ती चिंचेने किंवा लिंबाने घासतात, हळदकुंकू लावतात आणि ओलसर अंगानेच म्यानात घालून वर्षभर ठेवून देतात. म्यानातले लाकूड पावसाळ्यात पाणी धरते आणि पाते आतून खात राहते. यात कुणाचा दोष नाही. परंपरेतले शस्त्र रोज वापरात होते, त्याला रोज तेलपाणी होत होते. वापर गेला, पूजा राहिली. वर्षातून एक दिवसाच्या निगेने लोखंड जगत नाही.

याहून वाईट प्रकार नव्या हौशी संग्राहकाचा. जुन्या बाजारात किंवा भंगारात काळपट पाते मिळाले की तो पहिली धाव पॉलिशवाल्याकडे घेतो. तासाभरात पाते आरशासारखे होते, फोटो काढला जातो, छाती फुगते. पण त्या तासाभरात काय गेले? कोफ्तगिरीचे सोने पृष्ठभागावर खरखरीत रेघा पाडून त्यांत ठोकलेल्या तारेचे असते. त्याचा थर नखाच्या पापुद्र्याहूनही पातळ. ते चाकाखाली क्षणात उडते. उथळ ठसे, लोहाराची खूण, शस्त्रागाराचा ठिपक्यांनी कोरलेला क्रमांक, हे सारे बोथट होते किंवा नाहीसे होते. धारेवरचे दाते घासले जातात. हत्यार वापरात होते की नुसते मिरवले गेले, हे सांगणारी खूण तीच असते. पात्याच्या कडा गोलावतात. मग उरते ती गुळगुळीत लोखंडी पट्टी. अशी पट्टी राजस्थानात आजही नवी कोरी मिळते, आणि स्वस्तात.

जौहरदार पोलादाचे नुकसान अधिक सूक्ष्म. आजच्या तेलंगणातल्या कोनासमुद्रमसारख्या ठिकाणी मुशीत वितळवून केलेल्या या पोलादात कर्बाचे प्रमाण साधारण दीड टक्का असते. त्याच्या वड्या इराणपर्यंत जात आणि दमास्कसच्या नावाने जगभर गाजलेल्या तलवारी त्यांतून घडत. पाते घडताना कर्बाचे कण थरांत रचले जाऊन पृष्ठभागावर पाण्यासारखी नक्षी उमटते. तिच्या मागे मायकेल फॅरेडेही लागला होता. 1819 ते 1822 या काळात त्याने जेम्स स्टोडार्टबरोबर या पोलादावर प्रयोग केले. नक्षीचे कोडे बऱ्याच अंशी सुटायला विसाव्या शतकाची अखेर उजाडली: धातुतज्ज्ञ जॉन व्हरहोवेन आणि चाकू घडवणारे आल्फ्रेड पेंड्री यांनी दाखवले की खनिजातले व्हॅनेडियमसारख्या धातूंचे अत्यल्प अंश त्या थरांना कारण होतात. बफिंगने ही नक्षी दिसेनाशी होते. जाणकार माणूस सौम्य आम्लाने ती पुन्हा उमटवू शकतो, पण दर वेळी थोडे मूळ पोलाद जाते. आणि कुणी 'धार पक्की करून देतो' म्हणत पाते लालभडक तापवले तर नक्षी आतूनच विरघळते. मग कुठलेही आम्ल तिला परत आणत नाही.

जपानमध्ये हा प्रश्न जवळजवळ धर्मासारखा हाताळला जातो. तिथे पाते आरशासारखे ठेवतात खरे, आणि ते काम वर्षानुवर्षे शिकलेला पॉलिशकार दगडांवर, हाताने करतो. पण मुठीत लपणारा पात्याचा शेपटा कुणीही, कधीही साफ करत नाही. त्यावरच्या गंजाचा रंग आणि पोत यांवरून वय ठरते, त्यावरच लोहाराची सही असते. शेपटा घासलेली तलवार तिथल्या बाजारात मोठी किंमत गमावते. गंज हा तिथे पुरावा आहे.

आपल्याकडे मी गंजाची बाजू घेतो ती याच अर्थाने. लाल, भुसभुशीत, बोटाला लागणारा गंज जिवंत असतो. तो थांबवलाच पाहिजे, पण तेल, मऊ कापड आणि पुष्कळ धीर यांनी. काळा, बसलेला, घट्ट थर वेगळा. तो सातबाऱ्यावरच्या फेरफार नोंदींसारखा असतो. नोंद जुनी झाली म्हणून ती कुणी खोडत नाही.

४. नावाचा मोह

बाजारात तलवारीची किंमत पोलादाला नसते, नावाला असते. टिपू सुलतानाच्या शयनकक्षातली म्हणून ओळखली जाणारी तलवार लंडनला 2023च्या मे महिन्यात सुमारे 1 कोटी 40 लाख पौंडांना गेली. तशाच घडणीच्या पण निनावी तलवारीला त्याच्या जवळपासचीही किंमत कुणी देणार नाही. नाव खरे असेल तर ठीक. पण नावाला भाव आला की नावे पिकू लागतात. प्रत्येक तालुक्यात कुठल्या ना कुठल्या सरदाराची 'खास' तलवार असते आणि तिचा पुरावा म्हणजे 'आमचे आजोबा सांगायचे'.

वाघनखांचे प्रकरण अजून ताजे आहे. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातून तीन वर्षांच्या कराराने ती 2024च्या जुलैत साताऱ्यात आली. त्यांच्या पेटीवर ती जेम्स ग्रँट डफला मिळाल्याचा लेख आहे. शिवाजी महाराजांनी अफजलखानाच्या भेटीत वापरलेली वाघनखे हीच, याची खात्री देता येत नाही, असे ते संग्रहालय स्वतःच सांगते. इतकी स्वच्छ भूमिका घेतल्याने वस्तूचे मोल कमी झाले का? माझ्या मते वाढले. ग्रँट डफ साताऱ्यात होता, मराठ्यांचा इतिहास लिहीत होता, आणि त्याला कुणीतरी ही वस्तू या कथेसह दिली: 1818 नंतरचा पराभूत दरबार नव्या सत्तेला आपली आठवण कशी सोपवत होता, हे त्यातून कळते. पण हा प्रश्न विचारायचा तर 'खरी की खोटी' या आरडाओरड्यातून बाहेर पडावे लागते.

नावाच्या मागे लागल्याने काय होते याचे सर्वांत दुःखद उदाहरण तंजावरचे. व्यंकोजीराजांच्या वंशाचे तिथले शस्त्रागार दक्षिणेतल्या सर्वांत समृद्ध शस्त्रागारांपैकी एक होते. 1855 साली शेवटचे राजे निपुत्रिक वारले, राज्यपद संपले. पुढच्या दशकात सरकारने त्या ढिगातून देखणी, नक्षीदार हत्यारे मद्रासच्या संग्रहालयासाठी निवडली आणि बाकीची मोडून जुने लोखंड म्हणून विकली. निवडणाऱ्यांची नजर वाईट होती असे नाही. ती फक्त देखणेपण शोधत होती. साध्या शिपायाच्या हातात काय होते, ते किती वेळा दुरुस्त झाले, त्यातले किती आयात केलेले होते, या प्रश्नांची उत्तरे भंगारात गेली.

उलट पुण्याच्या दिनकर केळकरांनी 1920च्या सुमारास संग्रह सुरू केला तो वाड्यावाड्यांत, खेड्यापाड्यांत फिरून. शस्त्रांच्या बरोबरीने त्यांनी अडकित्ते, दिवे, फण्या, दौती आणल्या. कुणाचा अडकित्ता, हे कुणी विचारले नाही, तरी सुपारी कातरण्याच्या त्या हत्याराला किती आकार देता येतात हे आज राजा केळकर संग्रहालयात उभे राहून कुणालाही दिसते. लोखंडाला लागलेली ही बुद्धी तलवारीला लागलेल्या बुद्धीहून वेगळी नव्हती.

५. घेतले जाणारे आक्षेप

पहिला आक्षेप हिंसेचा, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. रस्त्यात मोटारीच्या बॉनेटवर केक ठेवून तो तलवारीने कापणारे 'भाऊ' आपण सगळ्यांनी मोबाइलवर पाहिलेत. पोलीस गुन्हा दाखल करतात, पुढच्या महिन्यात दुसरा वाढदिवस येतो. पण त्या हातातली तलवार कोणती असते? बहुतेक वेळा नवी, चकचकीत, ऑनलाइन मागवलेली. तिच्यावर वाचण्यासारखे काही नसते, आणि ती वाचायला घेतलेलीही नसते. दहशतीला प्रतीक पुरते. म्हणून प्रतीकपूजेला विरोध करणारा संग्राहक हा या केकवाल्याचा भाऊबंद नव्हे. मात्र एक कबूल करतो: संग्राहकांच्या मेळाव्यांत प्रतीकपूजा भरपूर चालते, आणि ती चालते तोवर लोकांनी दोघांत फरक का करावा, हा प्रश्न रास्त आहे.

दुसरा आक्षेप असा की हे काम संग्रहालयांचे. खासगी माणसाने वारसा कपाटात का कोंडावा? तंजावरची कथा याचे निम्मे उत्तर देते. निवड सरकारी असली म्हणजे शहाणी असतेच असे नाही. संग्रहालयाची जागा मर्यादित असते, त्याला दर्शनी वस्तू हवी असते. वाकलेले, निनावी, अर्धे पाते तिथे पोचत नाही. ते जपायला वेडा माणूसच लागतो.

तिसरा आक्षेप भावनेचा. वजने कमी सांगायची, पाती परदेशी म्हणायची, नावांवर शंका घ्यायची. हा पूर्वजांचा अवमान नाही का? मला उलटे वाटते. वीस किलोच्या तलवारीने लढणारा माणूस अद्भुत कथेतला. त्याला भीती नव्हती, थकवा नव्हता, म्हणून त्याचे कौतुकही फुकटचे. एक किलोची, दुरुस्त केलेली, दुसऱ्याच्या पात्याची तलवार घेऊन घाट उतरणारा शिपाई आपल्यासारखा होता. त्याला घाबरायला कारण होते.

चौथा आक्षेप मला सर्वांत जड जातो. संग्राहक आला की भाव चढतो, भाव चढला की देवळातली, वाड्यातली, गरीब घरातली वस्तू बाहेर पडते. कधी विकली जाते, कधी चोरीला जाते. हे खरे आहे, आणि छंदाचे कितीही गोडवे गाऊन ते खोटे ठरत नाही. एवढेच म्हणता येईल की वस्तू कुठून आली हे न विचारता घेणारा माणूस तिचा निम्मा अर्थ स्वतःच फेकून देतो. गाव, घराणे, मिळाल्याची तारीख आणि विकणाऱ्याची पावती यांची वही न ठेवणाऱ्याला मी संग्राहक मानत नाही, तो ग्राहक.

६. कायद्याची आंधळी कोशिंबीर

इथे कायदाही मदत करत नाही. 1959च्या शस्त्र कायद्याखालचे नियम 9 इंचांहून लांब किंवा 2 इंचांहून रुंद पात्याची, घरकाम-शेती-उद्योगासाठी नसलेली हत्यारे एकाच वर्गात टाकतात. त्या मापपट्टीला तीनशे वर्षांची धोप आणि गेल्या आठवड्यात कुरिअरने आलेली तलवार सारखीच. दुसरीकडे 1972चा पुरावस्तू कायदा शंभर वर्षांवरच्या वस्तूला पुरावस्तू म्हणतो आणि खासगी निर्यातीला बंदी करतो. एका कायद्याला ती धोकादायक वाटते, दुसऱ्याला मौल्यवान. परिणाम असा की ज्या घरात जुनी तलवार आहे ते घर गप्प बसते. पोलिसांच्या भीतीने ती माळ्यावर जाते, विहिरीत पडते किंवा रातोरात भंगारवाल्याला दिली जाते. केक कापणारा मात्र बिनधास्त असतो.

जपानने 1958च्या कायद्यात काढलेली वाट आपण निदान तपासून पाहावी. माळ्यावर तलवार सापडली तर आधी पोलिसांना कळवायचे; मग प्रांताच्या शिक्षण मंडळाचे जाणकार ती तपासतात आणि परंपरागत घडणीची असेल तर नोंदणीपत्र देतात. नोंद माणसाच्या नावाने अडकून न राहता वस्तूबरोबर फिरते. मालक बदलला की फक्त कळवायचे. आपल्याकडे असे काही करायचे तर पहिली दोन-चार वर्षे 'आणून दाखवा, गुन्हा नाही' अशी जाहीर मुदत द्यावी लागेल, नाहीतर कुणी येणार नाही. तपासणारा माणूस पुरातत्त्व खात्याचा हवा, ठाण्यातला नको. शिकलगारांच्या वस्त्यांमधली धार, पाणी आणि मूठ यांची उरलीसुरली माहिती असलेल्या म्हाताऱ्यांना त्या समितीत मानधन देऊन बसवावे. पदवीधरांना जे पुस्तकात शोधावे लागते ते त्यांना बोट फिरवून कळते.

नोंदणीच्या अर्जात रकाने थोडेच असावेत. लांबी, वजन, ठसे, पात्यावरची आणि मुठीवरची दुरुस्ती, सापडल्याचे गाव, आजवर कशाने साफ केली. 'कोणाची होती' हा रकाना अगदी शेवटी ठेवावा, आणि तो कोरा सोडण्याची परवानगी वरच ठळक अक्षरांत छापावी.